दोन क्रियापदे, एक 'अँड' आणि आपली मराठी

गेली काही वर्षे आपल्या शाळेच्या पालकसभेत एक मागणी नेमाने पुढे येते. इंग्रजीच्या तासाला वर्गात मराठीचा एकही शब्द उच्चारला जाऊ नये, अशी ती मागणी. ती करणाऱ्यांत ऊसतोडीला जाणारे पालक आहेत, बांधकामावर राबणारे आहेत, आणि ज्यांची नोकरी मुलाखतीतल्या चार इंग्रजी वाक्यांपायी हुकली असे पदवीधरही आहेत. त्यांच्या काळजीविषयी आम्हाला आदरच वाटतो. तथापि या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेले आणि आज येथे व अन्यत्र इंग्रजीचेच अध्यापन करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी या मागणीशी सहमत नाही. इंग्रजीचा तास चालू असताना मराठीला वर्गाबाहेर उभे करू नये. तिला पहिल्या बाकावर बसवावे, असे आमचे म्हणणे आहे.

हे पटवून देण्यासाठी शिक्षणतज्ज्ञांची मते गोळा करण्यापेक्षा एकच लहानशी गोष्ट वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही ठरविले. एकाच कर्त्याने केलेली दोन किंवा अधिक कामे 'अँड' या शब्दाने जोडून सांगणारे इंग्रजी वाक्य, एवढाच आमचा विषय. स्मरणिकेच्या मानाने तो क्षुल्लक वाटेल. परंतु मुलाच्या हातून स्वतःच्या मनाचे पहिले इंग्रजी वाक्य उतरते, ते बहुधा याच घडणीचे असते : उठलो आणि आंघोळ केली, मैदानावर गेलो आणि खेळलो. पाठ केलेला निबंध जेथे संपतो आणि स्वतःचे बोलणे जेथे सुरू होते, तेथे हे वाक्य उभे असते. आणि नेमके तेथेच ते मोडते.

वसतिगृहातला कोणताही मुलगा आपली संध्याकाळ मराठीत अशी सांगेल : 'मी हातपाय धुऊन, जेवून, ताट घासून अभ्यासाला बसलो.' तेच तो इंग्रजीच्या वहीत लिहितो तेव्हा वाक्य असे होते : 'आय वॉश हँड्स, ईट, क्लीन प्लेट अँड सॅट फॉर स्टडी.' तपासणारा लाल शाईने तीन ठिकाणी खुणा करतो आणि बाजूला 'काळ चुकला' असा शेरा मारतो. पण त्याच मुलाला ती क्रियापदे एकेकटी विचारून पाहावीत. 'वॉश'चे 'वॉश्ड', 'ईट'चे 'एट', 'क्लीन'चे 'क्लीन्ड' तो न अडखळता सांगतो. भूतकाळ त्याला येतो. मग वाक्यात तो कोठे जातो?

तो मराठीच्या नियमात जातो. 'धुऊन', 'जेवून', 'घासून' या रूपांना काळ नाही, पुरुष नाही, लिंग नाही, वचन नाही. कोण आणि केव्हा, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकटे 'बसलो' देते. 'बसलो'च्या जागी 'बसेन' म्हणा. आधीच्या तिन्ही रूपांचे एक अक्षरही न बदलता अख्खी संध्याकाळ उद्यावर जाते. 'बसली' म्हणा, आधीची तिन्ही कामे मुलीची होतात. मराठी वाक्यात सगळ्यांचे ओझे रांगेतला शेवटचा वाहतो. आपल्या मुलाने इंग्रजीतही तेच केले : शेवटच्या 'सॅट'वर भूतकाळ ठेवला आणि आधीच्या क्रियापदांना मोकळे सोडले. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. जी भाषा त्याला उत्तम येते तिचा कायदा त्याने प्रामाणिकपणे पाळला आहे.

इंग्रजीचा कायदा निराळा आहे. तेथे 'अँड'ने जोडलेल्या क्रियापदांची पायरी सारखी असते आणि प्रत्येकाने आपले ओझे आपणच वाहायचे असते : 'आय वॉश्ड माय हँड्स अँड फीट, एट, क्लीन्ड माय प्लेट अँड सॅट डाउन टू स्टडी.' मात्र वाक्यात साहाय्यक क्रियापद आले की व्यवस्था पालटते. 'आय विल गो अँड ब्रिंग वॉटर' या वाक्यात 'विल' एकदाच येते आणि दोघांचेही भागवते. 'शी हॅज रिटन अँड पोस्टेड द लेटर' यात 'हॅज' दोघांना मिळून एक, पण दोघांनीही त्याला साजेसे रूप घ्यायचे. 'हॅज रिटन अँड पोस्ट' असे म्हणून चालत नाही. 'डिड नॉट गो अँड सी' यात 'डिड'ने काळ उचलला, म्हणून पुढचे दोघेही मोकळे; 'डिड नॉट गो अँड सॉ' हे चूक. म्हणजे सामायिक ओझे इंग्रजीत रांगेतला पहिला उचलतो, मराठीत शेवटचा. एवढी एक गोष्ट पाचवीतल्या मुलाला मराठीतून सांगायला दहा मिनिटे लागतात. मराठी बंद केली तर ती सांगताच येत नाही, आणि मग दहावीपर्यंत त्याच त्या लाल खुणा त्याच त्या जागी पडत राहतात.

यावर कोणी म्हणेल, मराठीतून शिकविण्याची रीत काही नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. खरे आहे, आणि त्या रीतीचे ऋणही मोठे आहे. पण भाषांतराच्या त्या परंपरेतून एक समीकरण आपल्या शाळांत घट्ट रुजले : मराठीत 'ऊन' आले की इंग्रजीत 'हॅविंग' घालावे. त्याने परीक्षेतले रूपांतराचे प्रश्न सुटतात. पण मुलाच्या वहीत 'हॅविंग वॉश्ड', 'हॅविंग ईटन', 'हॅविंग क्लीन्ड' अशी माळ ओवली जाते, आणि अशा माळेत कोणी आपली संध्याकाळ सांगत नाही. दोन भाषा शेजारी ठेवायच्या त्या अशी समीकरणे पाठ करण्यासाठी नव्हेत. एका मराठी रूपाला इंग्रजीत किती दारे आहेत आणि त्यांपैकी कोणते केव्हा उघडावे, हे मुलाने स्वतः पाहावे यासाठी.

याचे सर्वांत चांगले उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या परिपाठात म्हटली जाणारी संविधानाची उद्देशिका मराठीत आणि इंग्रजीत शेजारी-शेजारी ठेवावी. मराठी उद्देशिकेत 'करून' हे रूप दोन मोक्याच्या जागी येते : आधी निर्धार 'करून', आणि अखेरीस संविधान अंगीकृत व अधिनियमित 'करून' ते स्वतःप्रत अर्पण करणे. इंग्रजी उद्देशिकेत या दोन 'करून'ची दोन वेगळी रूपे झालेली दिसतात. पहिल्या ठिकाणी 'हॅविंग' आहे, कारण निर्धार आधी झालेला आहे आणि पुढचे सारे त्याच्या पायावर उभे आहे. दुसऱ्या ठिकाणी 'हॅविंग' नाही. तेथे 'अडॉप्ट', 'इनॅक्ट' आणि 'गिव्ह' ही तीन क्रियापदे एका रांगेत, एका पायरीवर उभी आहेत, आणि शेवटच्याच्या आधी एकच 'अँड' आहे. ही तिन्ही कामे २६ नोव्हेंबर १९४९ या एकाच दिवशी, एकाच कर्त्याने, एकाच संविधानाबाबत केली. त्यांत कोणी आधीचा आणि कोणी नंतरचा, असा भेद करायचा नव्हता.

आणखी बारकाईने पाहावे. कर्ता 'वी' अगदी प्रारंभी येऊन गेलेला आहे. त्याच्या आणि या तीन क्रियापदांच्या मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता एवढा सारा पसारा आहे. तरी कर्ता पुन्हा सांगावा लागत नाही. तिन्ही क्रियापदांच्या पुढे एकच 'डू' आहे, तेच साऱ्यांचे ओझे वाहते. मराठीत ते ओझे शेवटच्या 'आहोत'वर आहे. तिन्ही क्रियापदांचे कर्मही एकच : इंग्रजीत ते अखेरीस येते, मराठीत आधी. इंग्रजीतल्या जोड-क्रियापदांविषयी जे जे मुलांना शिकवायचे, ते जवळजवळ सगळे या एका वाक्यात आहे. आणि ते वाक्य मुलांना दोन्ही भाषांत तोंडपाठ असते. पाठ असलेल्या गोष्टीचा असा उपयोग आपण क्वचितच करतो, याचे आम्हाला नवल वाटते.

'ऊन'ची इतर दारेही आहेत, त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. 'ती हसून म्हणाली' यात दोन कामे नाहीत. एकाच कामाची रीत आहे, म्हणून 'शी लाफ्ड अँड सेड' याहून 'शी सेड विथ अ स्माइल' बरे. 'धावून दमलो' यात कारण आहे. 'आईने शेळी विकून फी भरली' हे मात्र 'अँड'ला छान पेलते : 'मदर सोल्ड द गोट अँड पेड द फीज.' शेळी फीसाठीच विकली, हे 'अँड' सांगत नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते कळते.

खरी गंमत पुढे आहे. मराठीत दोन क्रियापदे जवळ आली म्हणजे दोन कामे झालीच, असे नाही. 'वहीत लिहून घे' यात घेण्याचे वेगळे काम नसते. 'विसरून गेलो' यात कोणी कोठे जात नाही. 'खाऊन टाक' म्हणताना काही टाकायचे नसते. उलट टाकू नये, असाच आईचा हेतू असतो. या जोड्यांतले दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला नुसता हात देते. इंग्रजी हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून न करवता बारीकसारीक शब्दांकडून करवते. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट इट अप', 'लिहून घे' म्हणजे 'राइट इट डाउन', 'फेकून दे' म्हणजे 'थ्रो इट अवे', 'पळून गेला' म्हणजे 'रॅन अवे', 'उठून बस' म्हणजे 'सिट अप'. 'अप', 'डाउन', 'अवे' हे शब्द आपल्या मुलांना फार छळतात, कारण शब्दकोशात त्यांचे अर्थ पाहून काहीच हाती लागत नाही. आपले 'टाक', 'घे', 'दे', 'जा' तेथे निराळ्या वेशात उभे आहेत, एवढे सांगितले की मुलांचे चेहरे उजळतात. मराठी बंद असलेल्या वर्गात हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

'घेऊन ये'चे 'टेक अँड कम' हेही याच घराण्यातले. त्यावर शहरातली मुले हसतात, म्हणून आपल्या मुलांना ते लाजिरवाणे वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दक्षिणेकडच्या भाषांतही क्रियापदे अशीच एकापुढे एक येतात आणि तिकडच्या बोलण्यातल्या इंग्रजीतही 'टेक अँड कम' ऐकू येते. परीक्षेत आणि कार्यालयात मात्र त्याला 'ब्रिंग' हा एकच शब्द आहे, 'घेऊन जा'ला 'टेक' हा एकच, हे सांगून मोकळे व्हावे. चिडवण्याने मूल बोलायचे थांबते, आणि न बोलणाऱ्याची चूक कोणालाच सुधारता येत नाही.

इंग्रजीतही क्रियापदे कधी कधी अशी अर्थ सोडून वागतात, हे मुलांना कळले की त्यांची भीड चेपते. कोणी खिडकीची काच फोडली तर इंग्रज माणूस वैतागून म्हणतो, 'ही हॅज गॉन अँड ब्रोकन इट.' येथे कोणी कोठे गेलेले नाही. ते 'गॉन' म्हणजे नुसता त्रागा. आपण म्हणतो, 'फोडून ठेवली!' तेथेही काही ठेवलेले नसते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता रागासाठी एकच युक्ती काढावी, हे मोठे मजेचे आहे.

'ट्राय अँड कम' हा आणखी एक प्रकार. यात प्रयत्न आणि येणे अशी दोन कामे नाहीत. येण्याचाच प्रयत्न आहे. तो मूळ रूपातच चालतो. 'ट्राइड अँड केम' म्हटले की अर्थ बदलतो. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात या प्रयोगाची बाजू घेतली होती, तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'ट्राय टू' लिहावे, हा आमचा व्यवहारी सल्ला. 'कम अँड सी', 'गो अँड गेट' यांना मात्र असा काही अडसर नाही. अमेरिकेत तर 'गो सी' असे 'अँड'वाचूनही बोलतात. आपल्या वंदनेत धम्माच्या गुणांमध्ये 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. त्यात 'एहि' म्हणजे ये आणि 'पस्स' म्हणजे पाहा. दोन आज्ञा, मध्ये जोडणारा शब्दच नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगताना 'कम अँड सी' असे म्हटले जाते. मराठीत 'येऊन पाहा' म्हणता येते, 'या आणि पाहा' असेही म्हणता येते. रोज सकाळी म्हटल्या जाणाऱ्या एका पाली शब्दावरून तीन भाषांचा हा फरक फळ्यावर मांडायला पाच मिनिटे पुरतात.

नकाराची गोष्ट अधिक जपून शिकवावी लागते. महामार्गावरच्या फलकांवर 'डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह' असे लिहिलेले असते. बंदी दोन कामांच्या जोडीवर आहे. 'अँड'च्या जागी 'ऑर' घातले तर गाडी चालवणेच बंद होईल! मराठीत 'दारू पिऊन गाडी चालवू नका' हे 'ऊन' तोच अर्थ अचूक देते. पण उलट बाजूने जाताना घसरायला होते. 'तो जेवून गेला नाही' याचे 'ही डिड नॉट ईट अँड गो' असे केले तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. तेथे 'ही लेफ्ट विदाउट ईटिंग' असे सरळ म्हणावे.

येथवर वाचलेल्या पालकांच्या मनात कदाचित असे येईल की, हे सारे व्याकरणाच्या मास्तरांचे कौतुक आहे. आमच्या मुलाला नोकरी हवी आहे. म्हणून एक उदाहरण मुद्दाम शेवटाकडे राखून ठेवले आहे. आपला एखादा विद्यार्थी उद्या मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात गेला, तेथे त्याला कोणी ढकलले आणि त्याला इंग्रजीत तक्रार-अर्ज लिहावा लागला. मराठीत तो म्हणेल : 'त्याने मला ढकलले आणि पडलो.' 'पडलो' या एका रूपात कोण पडले ते आलेच; मराठीत 'मी' म्हणायची गरज नाही. तेच तो इंग्रजीत उतरवतो : 'ही पुश्ड मी अँड फेल डाउन.' वाक्य ऐकायला ठीक वाटते. पण इंग्रजीत 'अँड'नंतर नवा कर्ता आला नाही तर जुनाच कर्ता पुढे चालतो. म्हणजे या वाक्याप्रमाणे ढकलणाराच पडला! ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच अर्जाने अन्याय करणाऱ्याला जखमी ठरविले. 'अँड'नंतर 'आय' हे एक अक्षर हवे होते : 'ही पुश्ड मी, अँड आय फेल डाउन.' कर्ता बदलला की तो सांगावा आणि 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यावा. कर्ता तोच असेल तर सहसा दोन्ही गोष्टींची गरज नसते. आपल्या समाजाला अर्ज, तक्रारी, निवेदने यांचे मोल निराळे सांगायला नको. कोणी काय केले आणि कोणावर काय गुदरले, हे चोख लिहिता येणे ही आपल्यासाठी हौसेची बाब कधीच नव्हती.

क्रमाचेही तसेच. 'औषध घेतले आणि आजारी पडली' आणि 'आजारी पडली आणि औषध घेतले' यांत दोष कोणाकडे जातो ते पाहावे. 'अँड' नुसते जोडत नाही. जे आधी सांगितले ते आधी घडले, असे ऐकणारा धरून चालतो. बाबासाहेबांच्या तीन क्रियापदांच्या घोषणेचा क्रम इंग्रजीत 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज' असा आहे, तर मराठीत आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे म्हणतो. संघटन आधी की संघर्ष आधी, यावर आपल्या सभांतून आजही तावातावाने बोलले जाते. मध्ये जोडणारा शब्द नसतानाही नुसत्या क्रमाने एवढा अर्थ बदलतो, हे मुलांना दाखविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. त्या वादात मात्र येथे शिरत नाही. त्याला स्वतंत्र लेख लागेल.

आता मूळ मागणीकडे. मुलांच्या कानांवर इंग्रजी अधिक पडले पाहिजे, या पालकांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याला आमचा पाठिंबा आहे. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या, गोष्टींचे ध्वनिमुद्रण, भोजनगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ इंग्रजी संभाषणाची, यांतले जे शक्य असेल ते करावे. पण कानावर पडणे वेगळे आणि मनातले वाक्य चोख उतरणे वेगळे. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधीच्या आमच्या पिढ्यांनी ती पाचवीत सुरू केली. वर्षे वाढली, सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आल्या. मार्गदर्शकातली उत्तरे पाठ करून गुण मिळवण्याची रीत मात्र गेली नाही. नववीतली मुलगी 'माझा आवडता नेता' यावर दीडशे निर्दोष इंग्रजी शब्द लिहिते आणि 'आज दुपारी काय केलेस?' या प्रश्नावर गप्प होते. तिला शब्द कमी पडत नाहीत. दोन क्रियापदे जोडण्याचे धाडस कमी पडते. मराठीवर बंदी घातली तर ती अधिकच गप्प होईल, कारण तोंड उघडण्याचे एकमेव साधनही आपण काढून घेतलेले असेल.

काही पालक याच्याही पुढे जाऊन शाळेचे माध्यमच इंग्रजी करावे, असे म्हणतात. जी मुले घरातून शाळेत आलेली पहिलीच पिढी आहे, त्यांच्याकडून गणित आणि विज्ञानही अर्धवट कळलेल्या भाषेत पाठ करून घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि आपल्या मुलांनी ते मुळातून वाचले पाहिजेत, हा युक्तिवाद आम्हीही करतो. पण त्यांची लांब, कसलेली वाक्ये ज्याला उलगडायची आहेत, त्याला एका कर्त्यामागे कोणकोणती क्रियापदे चालत आहेत हे ओळखता आले पाहिजे. आणि ती नजर मराठी वाक्यावर आधी तयार होते.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे आमची सूचना अगदी साधी आहे. पाचवीपासून प्रत्येक मुलामुलीला एक पातळ वही द्यावी. रात्रीच्या अभ्यासिकेत, दिवे मालवण्यापूर्वी, त्या दिवशी स्वतः केलेल्या दोन कामांचे एक मराठी वाक्य आणि त्याखाली त्याचेच एक इंग्रजी वाक्य, एवढेच लिहून घ्यावे. गुण देऊ नयेत. लाल शाई वापरू नये. आठवड्यातून एक तास ही वाक्ये फळ्यावर घेऊन 'ऊन'ची कोणती दारे उघडली आणि कोणती चुकली, ते मुलांनीच मराठीतून बोलून ठरवावे. पहिल्या वर्षी एवढेच. स्वल्पविराम आणि नकार यांना पुढच्या वर्षी हात घालावा. मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य ही नावे आठवीपर्यंत थांबली तरी काही बिघडत नाही.

वह्यांचा खर्च फार नाही. तो या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातून उभा राहू शकेल, असे आम्हाला वाटते. अडचण माणसांची आहे. पाचवी ते सातवीच्या तीन तुकड्यांच्या वह्या दर आठवड्याला वाचायच्या तर इंग्रजीच्या दोन शिक्षकांना ते झेपणार नाही. जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी पुरेल. इंग्रजी फार चांगले यायला हवे, अशी अट नाही. 'टेक अँड कम'वर न हसणारा माणूस हवा. ज्यांची तयारी असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव आणि सोयीचा रविवार कळवावा. पहिल्या वह्या जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या आठवड्यातच वाटाव्यात, असा आमचा आग्रह आहे.